कावीळ, लस आणि पुराव्याचे दप्तर

यंदाच्या अंकासाठी ‘पुरावा’ हा विषय योजून संपादकांनी वैद्यकाच्या बाजूने काही लिहावे असे सुचविले, तेव्हा मोठी इस्पितळे आणि प्रयोगशाळा यांच्या वाटेस प्रथम न जाता, संशोधनाचे फळ ज्या ठिकाणी अखेर माणसाच्या शरीरात उतरते तेथूनच शोधास आरंभ करावा असे मनाने घेतले. विषय निश्चित होता : विषाणूजन्य काविळीवरील उपचार आणि बालकांच्या लसी. त्यासाठी मरोळ निवडले, याचे कारण असे की, अंधेरी पूर्वेच्या या एका उपनगरात या विषयाची बरीच अंगे पायी हिंडण्याच्या टप्प्यात येतात. एकीकडे विमानतळाचा परिसर, दुसरीकडे औद्योगिक वसाहत आणि सीप्झ हे निर्यातक्षेत्र, मधून विहार तलावाकडून उतरलेली मिठी नदी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचे जुने गावठाण, चिमटपाड्यासारख्या दाट वस्त्या, त्यांच्या शेजारी उभे राहिलेले मनोरे, आणि या साऱ्यांच्या मध्ये महापालिकेचे दवाखाने व औषध कंपन्यांची कार्यालये, असा हा प्रदेश आहे. लस घेणारे मूल, ती टोचणारी परिचारिका, कावीळ उतरविणारा वैदू आणि काविळीच्या गोळीचा व्यापार करणारा उद्योग ही सर्व मंडळी येथे परस्परांपासून फार तर एखाद्या मैलाच्या अंतरावर नांदतात.

कानाशी धरलेला आइसपॅक

लसीकरणाचे सत्र सुरू होण्यापूर्वी सिस्टर आइसपॅक हातात घेतात, कानाशी नेतात आणि हलकेच हलवतात. आत पाण्याचा खळखळ आवाज झाला तरच तो पॅक व्हॅक्सिन कॅरियरमध्ये ठेवावयाचा. आवाज न झाल्यास, म्हणजे बर्फ अद्याप दगडासारखा घट्ट असल्यास, तो बाहेर ठेवून घामेजेपर्यंत वाट पाहावयाची, असा नियम आहे. लस थंड ठेवली पाहिजे हे सर्वांस ठाऊक असते. परंतु हिपॅटायटिस-ब ची आणि पाच रोगांवरील एकत्रित ‘पेंटा’ लस गोठता कामा नये, हे बाहेरच्या फार थोड्यांस माहीत असते. या लसींतील प्रतिजन ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसविलेला असतो. लस एकदा गोठली की त्या क्षाराचे कण एकमेकांस चिकटतात, पुन्हा वितळल्यावरही पूर्ववत होत नाहीत, आणि टोचलेली लस निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. मूल रडते, कार्डावर तारीख पडते, आई निश्चिंत होते, आणि संरक्षण मात्र मिळालेले नसते. हा अदृश्य घोटाळा टाळण्यासाठीच तो कानाशी धरलेला क्षण असतो. कुपीच्या लेबलावर एक लहानसे वर्तुळ व त्यात चौकोन असतो. उष्णतेने चौकोन काळवंडत जातो, आणि तो वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद करावयाची. उष्णतेची साक्ष अशी रंगाने मिळते, थंडीची साक्ष मात्र ऐकावी लागते.

दीड महिन्याचे बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या एका आईने विचारले, “सिस्टर, आज तीन-तीन सुया? एवढ्याशा जिवाला?”

“ताई, एकात पाच रोगांची लस आहे. वेगवेगळ्या दिल्या असत्या तर किती वेळा टोचावं लागलं असतं, सांगा बघू,” सिस्टर म्हणाल्या आणि बाळाचा डावा पाय हळूच मोकळा केला. “टोचल्यावर चोळायचं नाही. ताप आला तर औषध देते ते द्या. आणि अर्धा तास इथेच बसायचं, लगेच उठायचं नाही.”

शेजारी बसलेल्या आजींनी मध्येच शंका काढली, “काविळीचं इंजेक्शन जन्मल्यावरच झालंय ना हिचं?” सिस्टरांनी कार्ड उलटून पाहिले. जन्मल्या दिवसाची नोंद तेथे होती. “झालंय, आजी. तेच सगळ्यात महत्त्वाचं.”

पेंटात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिब आणि हिपॅटायटिस-ब यांचा समावेश असतो. सुई टोचून झाली की तीच सिरिंज पुन्हा वापरता येऊ नये म्हणून तिचा दट्ट्या आपोआप अडकतो, आणि सुई तेथल्या तेथे हब कटरच्या पेटीत बुडापासून तोडली जाते. या खबरदारीमागेही एक कटू हकिकत आहे. २००९ च्या आरंभी गुजरातेत तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा येथे हिपॅटायटिस-ब ची साथ उसळली, अनेक माणसे दगावली, आणि चौकशीत बोट गेले ते पुन्हापुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांकडे. जे साधन रोग निवारण्यासाठी हाती घेतले तेच रोगाचे वाहन झाले. मरोळच्या टेबलावरील ती लहानशी निळसर पेटी अशा अनुभवांतून आलेली आहे.

साथ आली की गाव हलवावयाचे

पुरावा हाती नव्हता तेव्हा माणसे काय करीत, याचे उत्तर मरोळच्या भूमीतच उभे आहे. सीप्झच्या कुंपणाआड सेंट जॉन द बाप्टिस्ट या चर्चचे भग्न अवशेष आहेत. १५७९ साली जेझुइटांनी कोंडिविटे गावासाठी ते बांधले. १८४० साली साथ आली आणि वस्तीने गाव सोडले. मंडळी मरोळला येऊन राहिली, नवे चर्च बांधले गेले आणि जुने ओस पडले. आज ज्या रस्त्याला चर्च रोड म्हणतात त्याचा हा पूर्वेतिहास आहे. रोग कशाने होतो याचा उलगडा नसताना स्थलांतर हाच उपाय, आणि तो त्या काळच्या अनुभवास धरूनच होता.

त्यानंतर सहा दशकेही लोटली नाहीत तोच याच मुंबईत पुराव्याची एक नवी रीत अवतरली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग प्रकट झाला. सरकारने जंतुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांना पाचारण केले. त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहान जागेत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देऊन, न घेतलेल्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. आजार आणि मृत्यू हे टोचलेल्यांत लक्षणीय कमी आढळले. एकाच भिंतीच्या आत, एकच अन्न खाणाऱ्या, एकाच हवेत राहणाऱ्या दोन गटांची अशी तुलना हा आधुनिक अर्थाने पुरावा होता, यात शंका नाही. पण बंदिवासातील माणसाची ‘स्वेच्छा’ कितपत मोकळी असते, हा प्रश्नही त्याच दिवशी जन्मास आला, आणि आजच्या कायद्याने कैद्यांना दुर्बल गटात गणून त्यांच्या सहभागावर विशेष नजर ठेवली आहे ती याच कारणास्तव.

कावीळ उतरविणारे

काविळीच्या बाबतीत हा पुराव्याचा प्रश्न विशेष अवघड होतो. पावसाळ्यात मरोळसारख्या वस्तीत जी कावीळ दिसते ती बहुधा दूषित पाण्यातून येणाऱ्या अ किंवा ई विषाणूची असते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अन्नावरील वासना जाते, आणि बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत, कोणतेही औषध न घेता, आपोआप बरे होतात. म्हणूनच गळ्यात माळ घालणारा, हाताला मुळी बांधणारा, किंवा चुन्याच्या निवळीत हात धुववून ‘ही बघा उतरली’ म्हणून पिवळे पाणी दाखविणारा वैदू यशस्वी ठरतो. त्याच्याकडे गेलेल्या शंभरांतील बहुतेक जण बरे होतात, हे खरे असते. जे गेले नाहीत त्यांतीलही तितकेच बरे होतात, हे कोणी मोजत नाही. लोकांना अडाणी ठरवून हा प्रश्न सुटत नाही. कारण डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवणे हा माणसाचा स्वभाव आहे, आणि तुलनेचा दुसरा गट डोळ्यांसमोर नसतो. तो मुद्दाम निर्माण करावा लागतो. रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून करावयाची, कोणास औषध आणि कोणास तसेच दिसणारे निष्क्रिय चूर्ण मिळाले हे रुग्णासही कळू द्यावयाचे नाही आणि तपासणाऱ्यासही नाही, व मुदत संपल्यावर दप्तर उघडावयाचे, ही सारी यातायात त्या एका गटासाठी आहे.

या रीतीची कसोटी एका परिचित वनस्पतीवर लागली. भुईआवळी ही पावसाळ्यात आरेच्या बाजूस आणि आपल्या अंगणांतूनही उगवणारी लहानशी वनस्पती. काविळीवर तिचा उपयोग आपल्या परंपरेत जुना आहे. १९८८ साली मद्रासच्या डॉ. त्यागराजन आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, की हिपॅटायटिस-ब च्या वाहकांपैकी भुईआवळी घेतलेल्या ३७ जणांतील २२ जणांच्या रक्तातून विषाणूचा प्रतिजन नाहीसा झाला, तर निष्क्रिय औषध घेतलेल्या २३ जणांपैकी केवळ एकाचा. हिपॅटायटिस-ब चा शोध लावणारे बारूक ब्लुमबर्ग स्वतः या वनस्पतीच्या अभ्यासात रस घेत होते. जगभर आशा उत्पन्न झाली. पुढे इतर देशांत तेच प्रयोग काटेकोरपणे झाले, तेव्हा तसा परिणाम पुन्हा आढळला नाही. या कथेने आयुर्वेद खोटा ठरत नाही आणि त्यागराजन यांचे श्रमही कमी होत नाहीत. एका लहान प्रयोगावर निकाल देण्याची घाई करू नये, एवढे मात्र निश्चित शिकता येते.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात हा विचार आयुर्वेदाच्या संदर्भात गांभीर्याने रुजविला तो डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी. निसर्गावरील त्यांच्या ललित लेखनामुळे मराठी वाचक त्यांना ओळखतो. परंतु औषधशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून गुळवेलीवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेले काम अधिक मोठे आहे. पित्तमार्ग अडल्याने होणाऱ्या काविळीत शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल दिल्यास रुग्णाची प्रतिकारशक्ती सावरते का, हे त्यांनी रुग्णांचे दोन गट करून तपासले. ही कावीळ विषाणूची नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि जुन्या औषधाला नव्या कसोटीपुढे सन्मानाने उभे करावे, त्याची टर उडवू नये आणि त्याची पूजाही करू नये, ही दृष्टी आज फार थोड्या ठिकाणी दिसते, आणि तिची आपल्याला नितांत गरज आहे.

रक्तातून येणारी

पाण्यातून येणारी कावीळ येते आणि जाते. रक्तातून, असुरक्षित सुईतून, शरीरसंबंधातून किंवा मातेकडून बाळाला मिळणारी ब आणि क ही कावीळ मात्र अनेकदा पिवळेपणा न दाखविता शरीरात वस्ती करून राहते, आणि वीस-तीस वर्षांनी यकृत सुरकुतल्यावर किंवा त्यात कर्करोग उत्पन्न झाल्यावर उघडकीस येते. प्रौढपणी ब ची बाधा झाली तर शंभरातील पंचाण्णवांहून अधिक जण विषाणूला हुसकावून लावतात. जन्मतः बाधा झाली तर शंभरातील सुमारे नव्वद बालके ती आयुष्यभर वागवितात. मरोळच्या त्या आजींना सिस्टरांनी ‘तेच सगळ्यात महत्त्वाचं’ असे जे सांगितले त्याचे कारण हे आहे. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत दिलेली मात्रा विषाणूला बस्तान बसविण्याची संधीच देत नाही. दिवस उलटला की लाभ घटत जातो.

हे ज्ञान कोणाकडून मिळाले, याची यादी मनास अस्वस्थ करणारी आहे. अमेरिकेत स्टॅटन आयलंडवरील विलोब्रुक या संस्थेत १९५६ पासून दीड दशकभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना काविळीची बाधा मुद्दाम करण्यात आली. सॉल क्रुगमन यांनी त्यातून दोन भिन्न काविळी असल्याचे दाखविले, आणि बाधित रक्तद्रव पाण्यात विरळ करून उकळल्यास तो काही प्रमाणात संरक्षण देतो हेही सिद्ध केले. निष्कर्ष खरे होते. मार्ग निंद्य होता, आणि निष्कर्षांच्या उपयुक्ततेने तो शुद्ध होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या उलट, १९७८ नंतर न्यूयॉर्कमध्ये वुल्फ श्मूनेस यांनी पहिल्या हिपॅटायटिस-ब लसीची जी परीक्षा केली तीत १,०८३ समलिंगी पुरुषांनी समजून-उमजून भाग घेतला. समाजाने ज्यांना दूर लोटले होते अशा माणसांच्या सहकार्यावर आज जगातील नवजात बालकांचे संरक्षण उभे आहे. तैवानमध्ये पामर बीस्ली यांनी २२,७०७ सरकारी नोकरांची वर्षानुवर्षे नोंद ठेवून ब विषाणू आणि यकृताचा कर्करोग यांचे नाते निर्विवाद केले; त्या देशाने १९८४ साली नवजातांना लस देण्यास प्रारंभ केला आणि दशकभरातच तेथील मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण निम्म्यावर आले. कर्करोग टाळणारी लस असू शकते, याचा हा पहिला पुरावा.

भारतात ही लस प्रथम इतकी महाग होती की ती श्रीमंतांच्या दवाखान्यांपुरतीच राहिली. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने यीस्टच्या साहाय्याने ती देशात बनविली, पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही. किंमत झपाट्याने उतरली. २००२ च्या सुमारास काही जिल्हे व शहरे यांपासून सुरू झालेला सरकारी कार्यक्रम २०११ पर्यंत देशभर पसरला.

पुण्याचे दप्तर

महाराष्ट्रात या संशोधनाचे मोठे केंद्र मुंबईपेक्षा पुण्यात आहे, हे मुंबईकराने मोकळेपणाने मान्य करावे. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेचे सांडपाणीमिश्रित पाणी शहराच्या नळांत शिरून काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले. ती साथ अ विषाणूची असावी असे पुढील वीस-पंचवीस वर्षे सर्वजण धरून चालले. त्या रुग्णांच्या रक्ताचे काही नमुने मात्र कोणीतरी जपून ठेवले होते. पुण्याच्या विषाणू संस्थेतील खोर्शेद पावरी, श्रीनिवासन आणि प्रसाद यांनी परदेशी सहकाऱ्यांसह ते तपासले, आणि १९८० साली दाखवून दिले की तो विषाणू अ ही नव्हता आणि ब ही नव्हता. आज ज्याला हिपॅटायटिस-ई म्हणतात व जो गर्भवती स्त्रियांना विशेष घातक ठरतो, त्याच्या ओळखीच्या वाटेवरील हा मोठा टप्पा होता. शीतकपाटातील त्या कुप्यांनी पाव शतकानंतर साक्ष दिली. नमुना जपणारा तो अज्ञात कर्मचारी मला या साऱ्या इतिहासातील थोर माणूस वाटतो.

त्याच पुण्यात, परळच्या केईएमहून वेगळ्या अशा तेथील केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी, इंग्लंडच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासह, ऐंशीच्या दशकात एका भयंकर बालरोगाचा माग काढला. ‘लिव्हर झाले’ असे ज्या मुलांविषयी घरोघरी म्हणत, त्या वर्ष-दोन वर्षांच्या मुलांचे यकृत दगडासारखे कठीण होई आणि बहुतेक मुले जात. तो विषाणूंचा रोग नव्हता. यकृतात तांबे प्रमाणाबाहेर साठलेले आढळे. संशोधकांनी आजारी मुलांच्या आयांना आणि तशाच वयाच्या निरोगी मुलांच्या आयांना तेच ते प्रश्न विचारले : अंगावरचे दूध केव्हा सुटले, वरचे दूध केव्हा सुरू झाले, ते कशात तापविले, कशात ठेवले. उत्तरांतून पितळेचे भांडे पुढे आले. कल्हई उडालेल्या किंवा कधीच न केलेल्या पितळी पातेल्यात तापवून ठेवलेले जनावराचे दूध तांबे शोषून घेते, आणि तान्ह्या यकृताला ते निस्तरता येत नाही. तांबे हे एकमेव कारण होते का, यावर तज्ज्ञांत वाद राहिला. घराघरांत स्टीलची भांडी आली आणि रोग जवळजवळ दिसेनासा झाला, याबद्दल मात्र वाद नाही. आयांना आदराने आणि एकाच पद्धतीने विचारलेले चार साधे प्रश्न किती दूर नेतात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

त्याच रुग्णालयात डॉ. भावे, डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी हिपॅटायटिस-अ च्या एकाच मात्रेच्या जिवंत लसीचा अभ्यास केला. लस दिलेली मुले दहा वर्षांनी, आणि पुढे पंधरा वर्षांनीही, पुन्हा बोलावली गेली. बहुतेकांच्या रक्तात संरक्षक प्रतिपिंडे टिकून होती. एवढ्या कालावधीत कुटुंबे घरे बदलतात, शहरे बदलतात, बालवाडीतील मूल महाविद्यालयात जाते. तरीही ती माणसे रक्ताचा नमुना देण्यासाठी परत आली, हा डॉक्टरांवरील विश्वासाचाही पुरावा आहे. मरोळला हा प्रश्न लागू पडतो तो असा : दाट वस्तीतील मुलाला अ विषाणूची बाधा बहुधा लहानपणीच, न कळत, होऊन जाते व आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळते, मनोऱ्यातील गाळलेल्या पाण्यावर वाढलेले मूल त्यातून सुटते, परंतु तीच बाधा त्याला विशीत झाली तर आजार अधिक तीव्र होतो. स्वच्छतेत सुधारणा होत असताना लसीची गरज वाढते, हे प्रथमदर्शनी उलटे वाटणारे सत्य येथे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंस उभे आहे.

पुण्याजवळ वढू येथे डॉ. बानू कोयाजी यांनी उभारलेल्या ग्रामीण आरोग्यकार्याच्या आधारावर, बालकांत जुलाब घडविणाऱ्या रोटाव्हायरसवरील लसीची परीक्षा झाली. दिल्लीच्या नवजात बालकांत ऐंशीच्या दशकात सापडलेल्या विषाणूपासून ही देशी लस तयार झाली होती. २०११ पासून दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे मिळून ६,७९९ बालकांनी परीक्षेत भाग घेतला. दर आठवड्यास कार्यकर्त्याने घरी जाऊन जुलाब, उलटी, ताप यांची विचारपूस करावयाची आणि आजारी मुलास तत्काळ उपचार मिळवून द्यावयाचा, असा क्रम मूल दोन वर्षांचे होईपर्यंत चालला. यात एक तृतीयांश मुलांना निष्क्रिय द्रव मिळाला. परदेशी परवानाप्राप्त लसी अस्तित्वात असताना असे करावे का, असा आक्षेप त्या वेळी घेण्यात आला आणि तो घेतला गेला हे योग्यच झाले. रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांपासून निम्म्याहून थोडे अधिक संरक्षण ही लस देते, असे निष्पन्न झाले. आकडा नेत्रदीपक नाही. पण प्रामाणिक आहे, आणि आज मरोळच्या टेबलावर दीड महिन्याच्या बाळाच्या तोंडात रोटाची जी मात्रा पडते तिच्यामागे अशा परीक्षांचा आधार आहे.

संमतीचा कागद

कोणतीही परीक्षा सुरू होण्यापूर्वी तिचा मसुदा नैतिकता समितीपुढे ठेवावा लागतो. २०१९ च्या नियमांनुसार या समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांत एक कायदेतज्ज्ञ, एक समाजशास्त्र किंवा तत्सम क्षेत्राचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक हवाच, व निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे हवेत. त्या सामान्य नागरिकाचे काम सर्वांत अवघड असते. डॉक्टर मंडळी मात्रा आणि आकडेवारी यांची चर्चा करीत असताना, संमतिपत्रातील हे वाक्य माझ्या शेजारणीला कळेल का, असे त्याने विचारावयाचे असते. सात वर्षांवरील मुलाची, पालकांच्या संमतीखेरीज, स्वतःची अनुमतीही घ्यावी लागते. अक्षरओळख नसलेल्या पालकासाठी तटस्थ साक्षीदार लागतो. गंभीर इजा झाल्यास चोवीस तासांत कळवावे लागते, आणि परीक्षेमुळे इजा झाली असल्यास भरपाई द्यावी लागते.

हे नियम कागदावर आपोआप आलेले नाहीत. २००९-१० मध्ये अविभक्त आंध्र प्रदेश व गुजरातेत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प चालला असता, अनेक ठिकाणी संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे संसदीय समितीने उघड केले. लस मुळात चांगली होती. पण विचारण्याची पायरी गाळली गेली, आणि त्या एका चुकीने या देशात त्या लसीविषयीचा अविश्वास दीर्घकाळ पोसला गेला. मला संमतिपत्रांविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. मराठी संमतिपत्रे बहुधा इंग्रजीवरून शब्दशः उतरविलेली आणि पंधरा-वीस पानांची असतात. ती वकिलाचे समाधान करतात, आईचे करीत नाहीत. मरोळच्या सिस्टरांनी चार वाक्यांत जे सांगितले तितके सुबोध लेखन करणारा माणूस प्रत्येक समितीने वेतन देऊन नेमावा.

गोळी आणि तिची किंमत

मरोळ चर्च रोडवरच मॅकलिओड्स या औषध कंपनीचे मुख्यालय आहे; अंधेरी-कुर्ला रस्ता आणि औद्योगिक वसाहत या पट्ट्यात इतरही औषध उद्योग वाढले. हिपॅटायटिस-क वरील उपचारात भारतीय जेनेरिक उद्योगाने जे केले ते या पट्ट्यातून चालताना आठवल्यावाचून राहत नाही. पूर्वी क साठी इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत; ताप, थकवा, नैराश्य सोसूनही निम्म्याच्या आसपास रुग्णच मुक्त होत. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुव्हिरला परवानगी मिळाली. बारा आठवड्यांच्या गोळ्या, दहांपैकी नऊंहून अधिक जण पूर्ण मुक्त, आणि किंमत ८४,००० डॉलर. २०१४ च्या सप्टेंबरात मूळ कंपनीने सात भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले. पुढील वर्षी देशी गोळी बाजारात आली आणि किंमत मूळच्या एका क्षुल्लक अंशावर उतरली. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून तपासणी आणि औषधे सरकारी उपचार केंद्रांत विनामूल्य मिळतात. ब साठी टेनोफोव्हिरसारखी गोळी आहे. ती विषाणूला दाबून ठेवते, समूळ नष्ट करीत नाही, म्हणून बहुधा दीर्घकाळ घ्यावी लागते.

एवढे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात ब चे सुमारे तीन कोटी आणि क चे सुमारे पंचावन्न लाख बाधित आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना आपल्याला बाधा आहे हेच ठाऊक नाही. अमिताभ बच्चन यांना १९८२ च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून ब ची बाधा झाली व यकृताचा पाऊण भाग निकामी होईपर्यंत ती कळली नाही, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. उत्तम वैद्यकीय सेवा ज्यांच्या हाताशी त्यांची ही कथा, तर औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराची काय असेल? लसीचा पुरावा मरोळच्या बाळापर्यंत पोहोचला आहे. गोळीचा पुरावा त्या बाळाच्या वडिलांपर्यंत आणि आजीपर्यंत अद्याप पोहोचलेला नाही. बाळ आपण होऊन दवाखान्यात आणले जाते, प्रौढ माणूस दुखल्याखेरीज जात नाही, आणि हा रोग दुखत नाही.

म्हणून वाचकांस विनंती आहे. घरात प्रसूती व्हावयाची असेल तर गर्भवतीची हिपॅटायटिस-ब ची रक्तचाचणी झाली आहे का ते विचारा, आणि बाळाला पहिल्या चोवीस तासांत लस मिळाल्याची तारीख कार्डावर पाहून घ्या. रक्तपेढ्यांतून क ची चाचणी सक्तीची झाली ती २००१ साली. त्यापूर्वी आपल्याला किंवा घरातील कोणाला रक्त चढविले गेले असेल, किंवा गावाकडच्या दवाखान्यात उकळलेल्या काचेच्या सिरिंजने वारंवार इंजेक्शने घेतली असतील, तर ब आणि क या दोन्ही चाचण्या एकदा अवश्य करून घ्या. जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात त्यांची चौकशी करा. त्यासाठी पैसे पडत नाहीत.